थांबत थांबत इंदूर

इंदूरात बसायला जागा पुष्कळ आहेत. जुन्या शहरात दुकानांपुढे ओटले आहेत, देवळांना कट्टे आहेत, पोह्यांच्या गाडीपाशी एखादं-दुसरं स्टूल असतंच. धडधाकट माणसाचं याकडे लक्षही जाणार नाही. माझ्या दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी व्रण आहेत. श्वास आत जातो पण पुरत नाही. सपाटीवर थोडी पावलं बरी जातात, मग छाती भरून येते आणि कुठंतरी टेकावं लागतं. त्यामुळे एखादं गाव मला आपलं वाटणार की नाही, हे तिथले लोक आपल्या दारात टेकू देतात का यावरच पुष्कळसं ठरतं.

आम्ही साताऱ्याचे. नवऱ्याची बदली पीथमपूरच्या कारखान्यात झाली आणि आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात भाड्याचं घर घेतलं. साताऱ्यात उंबरठा ओलांडला की एक तर चढ, नाही तर उतार. पावसाळ्यात भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास आणि माझ्या छातीत घरघर. माळव्याचं पठार साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, पण वर आल्यावर सगळं सपाट. माती काळी, हवा कोरडी, रात्री गार. इथल्या छातीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की घरात बसून राहू नका, रोज चाला, पण दम लागायच्या आधी थांबा. मग पर्समध्ये ऑक्सिमीटर आणि पंप टाकून मी शहर बघायला लागले.

सुरुवात अर्थातच पोह्यांपासून झाली. आमच्याकडे पोहे घरात होतात. पाहुणा आला की होतात, मुलगी बघायला मंडळी आली की होतात. इथं ते रस्त्यावर होतात आणि रोज होतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची मोठी परात ठेवलेली असते, तिला खालून सतत वाफ मिळत राहते. त्यामुळे पोहे तासन्‌तास मऊ राहतात, कोरडे पडत नाहीत. फोडणीत बडीशेप, चवीला किंचित साखर, वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, मूठभर शेव आणि जीरावन. हा जीरावन मसाला इंदूरकर कशावरही भुरभुरवतात. पेरूवर, काकडीवर, तळलेल्या कंदावरसुद्धा. ओलं खोबरं नाही म्हणून पहिले काही दिवस मला पोहे अपुरे वाटले. नंतर साताऱ्याला गेले तेव्हा बडीशेपेशिवायचे पोहे अपुरे वाटले. शेजारच्या कढईत जिलबी असते. गोळ्यांमुळे माझी साखर वाढते, तेव्हा जिलबीचं एकच कडं घेते, पण ते घेतेच.

गाडीवाल्याला माझा आजार ठाऊक नाही. त्यानं कधी विचारलं नाही. पहिल्या सकाळी मी धापा टाकत पोचले तेव्हा त्यानं झारा बाजूला ठेवला, स्टूल सावलीत सरकवलं आणि म्हणाला, "दीदी, पहले बैठो. पोहे कहीं नहीं जा रहे." आमच्या साताऱ्यात माणसं मायेनं विचारतात: काय झालंय, कधीपासून, कुणाला दाखवलं, वाईला एक वैद्य आहेत त्यांच्याकडे का नाही गेलात. त्या विचारण्यातही जीव असतो, मला ठाऊक आहे. पण दम लागलेल्या माणसाला उत्तर द्यायलाच श्वास लागतो. इथं आधी स्टूल येतं, मग पाणी येतं, प्रश्न आला तर शेवटी येतो. ही रीत मला फार आवडली.

पोहे खाता खाता कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. बायका, पुरुष, शाळेच्या गणवेशातली मुलं आपापले डबे घेऊन बाहेर येतात. ओला कचरा या कप्प्यात, सुका त्या कप्प्यात, डायपर वेगळे. देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून ओळीनं आठ वेळा या शहराचं नाव सर्वांत वर लागलं. गाडीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे हे अभिमानानं सांगतात आणि रस्त्यात कुणी कागद टाकला तर अनोळखी माणूसही टोकतो. मला मात्र या स्वच्छतेतली एक बारीक गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. मोठ्या रस्त्यांवर झाडू रात्री लागतो. सकाळी मी निघते तेव्हा धूळ बसलेली असते. साताऱ्यात नेमकी फिरायच्या वेळेला झाडलोट सुरू व्हायची आणि मी पदर नाकाला लावून परत फिरायची. एकदा रात्री उशिरा दवाखान्यातून येताना मी झाडणाऱ्या बायका बघितल्या. अंगात जाकिटं, काहींच्या तोंडाला नुसता रुमाल. माझ्या सकाळची धूळ त्यांच्या रात्रीत जाते. ज्या शहरानं एवढं करून दाखवलं, त्यानं या बायकांच्या छातीचीही तितकीच काळजी घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

राजवाड्याला मी कृष्णपुऱ्याच्या बाजूनं गेले. कान्ह नदीच्या काठावर होळकरांच्या छत्र्या आहेत. काळसर दगड, कोरीव खांब, आत महादेवाची पिंड. नदी इथं अरुंद आणि सुस्त, पण छत्र्यांच्या जोत्यावर वारा चांगला लागतो. कॉलेजातली मुलं पुस्तकं घेऊन बसलेली, एक म्हातारे गृहस्थ कबुतरांना दाणे टाकत होते. जुन्या शहरात मग गर्दीच गर्दी. स्वच्छतेत पहिलं असलेलं हे शहर वाहतुकीत मात्र फार बेशिस्त आहे. स्कूटर कुठल्याही बाजूनं येते, हॉर्न थांबत नाही, चौकातल्या धुरानं माझं ऑक्सिमीटर लगेच दोन-तीन आकडे खाली येतं. तिथून मी कधीच चालत जात नाही, रिक्षाच घेते.

राजवाडा सात मजली. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. उंच दरवाज्याला लोखंडी खिळे. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांना होळकर हे नाव पडलं, त्या मल्हाररावांच्या घराण्याचा हा वाडा. आगीनं त्याला पुन्हा पुन्हा गाठलं. १८०१ मध्ये शिंद्यांचे सर्जेराव घाटगे इंदूरवर चालून आले तेव्हा शहर लुटलं गेलं आणि वाडा जळाला; १९८४ च्या दंगलीत तो पुन्हा पेटला. मागची बाजू नंतर जुन्या धर्तीवर उभी केली. वरच्या मजल्यांवर मी गेले नाही. नवरा जाऊन आला आणि त्यानं फोटो दाखवले. मी आतल्या चौकात बसले, कारण चौकालगत मल्हारी मार्तंडाचं देवघर आहे. आमच्या पालीचा खंडोबा, तोच हा. इतक्या दूर, हिंदी बोलणाऱ्या गर्दीत, भंडाऱ्याचा वास आला आणि मला एकदम आईची आठवण झाली. ती दर पौषात पालीच्या जत्रेला जायची.

बाहेरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. विद्यापीठाला आणि विमानतळालाही त्यांचंच नाव. त्यांची स्वतःची राजधानी महेश्वर. इंदूर राजधानी झालं ते त्यांच्या पश्चात, १८१७ मध्ये महिदपूरची लढाई हरल्यावर आणि १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर. पण इंदूरची माणसं कुठलीही चांगली गोष्ट सांगताना बाईंपाशीच येऊन थांबतात. पुतळ्याजवळ फुगे विकणाऱ्या मुलाला मी विचारलं, या कोण? तो म्हणाला, "माँ साहब हैं, और कौन!" घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसं.

होळकरांच्या फौजेबरोबर आणि दप्तरांबरोबर जी मराठी कुटुंबं इकडे आली, त्यांतल्याच एका कुटुंबातल्या आमच्या घरमालकीण काकू. किती पिढ्या झाल्या हे त्यांना सांगता येत नाही. त्यांचं मराठी माळव्याच्या पाण्यात भिजलेलं आहे. "तुम्ही थकून राहिल्या आहात, बसा ना जरा," असं त्या म्हणतात तेव्हा सातारी कानाला आधी गंमत वाटते आणि मग बरं वाटतं. त्यांच्या घरात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि दाल-बाफलेही होतात. बाफले म्हणजे कणकेचे गोळे आधी उकडून, मग भाजून तुपात बुडवलेले. बरोबर आंबट-गोड डाळ. काकूंच्या घरी चैत्रगौरीच्या दिवशी आंब्याची डाळ आणि बाफले एकाच पानात आले होते. पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं, मराठीचं घर तिकडेच. पण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं १९१७ मध्ये भरलं, १९३५ मध्ये भरलं, २००१ मध्ये विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरलं. त्या शेवटच्या संमेलनात काकू स्वयंसेवक होत्या आणि आलेल्या लेखकांनी रात्री सराफ्यात काय काय खाल्लं ते त्यांना अजून आठवतं. सानंद या संस्थेकडून इथं मराठी नाटकं होतात. काकू मला नेतात, आणि कडेची खुर्ची आधी धरून ठेवतात, म्हणजे खोकला आला तर मला पटकन बाहेर पडता यावं.

सराफ्याबद्दल मात्र निवांत सांगायला हवं. दिवसा ही सोन्या-चांदीची पेठ. रात्री शटर खाली येतात आणि त्याच दुकानांच्या ओटल्यांवर, त्याच अरुंद गल्लीत, खाण्याचा बाजार मांडला जातो. रात्रभर जाग राहावी, दुकानांची राखण व्हावी, म्हणून सराफांनीच ही रीत पाडली असं सांगतात. माझ्या छातीला ही जागा सोसणारी नाही. कढया, तूप, तळणाचा धूर, खांद्याला खांदा. तरी मी गेले. मास्क लावला आणि गल्लीच्या तोंडाशी, जिथं वारा येतो, तिथल्या एका ओटल्यावर बसले. नवरा आत जाऊन एकेक पदार्थ आणत राहिला. भुट्टे का कीस आला: कोवळं कणीस किसून तुपात परतलेलं, दुधात शिजवलेलं, हिरवी मिरची आणि वर लिंबू. कणसाचा असा मऊ, ओलसर पदार्थ आमच्याकडे कुणाला सुचला नाही याचं मला वाईट वाटलं. थंडीचे दिवस होते म्हणून गराडू मिळाला. हा एक कंद, दोनदा तळून खरपूस केलेला, त्यावर जीरावन आणि लिंबू पिळलेलं. दहीवडा बघायचा तर दुकानाशीच उभं राहायला हवं, कारण तिथला माणूस दही भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतो आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकामागून एक सोडतो. मी तेवढ्यापुरती आत गेले, बघितलं आणि परत येऊन बसले.

ओटल्यावर माझ्या शेजारी एक कुटुंब होतं. आजी, सून, दोन नातवंडं. रात्रीचे बारा वाजत आलेले आणि धाकटा जिलबीत हात बरबटून बसलेला. साताऱ्यात त्या वेळेला कुत्रीसुद्धा गप्प असतात. आजींनी माझा मास्क बघितला, मी पंप ओढला तेही बघितलं. काही न बोलता त्यांनी नातवाला पलीकडे सरकवलं आणि मला भिंतीकडची, पाठ टेकायची जागा दिली. मग हातातला द्रोण पुढे केला, "लो बहनजी, खोपरा पॅटिस." आत ओल्या खोबऱ्याचं सारण. पोह्यांत न भेटलेलं खोबरं असं मध्यरात्री भेटलं. गल्लीत एकट्यादुकट्या पोरी निर्धास्त फिरत होत्या, आया कडेवर मुलं घेऊन भाव करत होत्या. बाईमाणसाला मध्यरात्री रस्त्यावर पोट भरून खाता येणं ही मला शहराच्या मोठेपणाची फार खरी खूण वाटते. माळव्याच्या रात्रींचं कौतुक जुन्या काळापासून होत आलं आहे. दिवसभर तापलेलं पठार सूर्य मावळल्यावर भराभर निवतं, आणि उन्हाळ्यातही अशी एक झुळूक येते की छातीचं दार कुणी उघडून दिलं असं वाटतं.

तपासणीचे दिवस वेगळे. दवाखान्याचं नाव सांगायचं कारण नाही. मोठा आहे आणि गर्दीचा आहे. तिथल्या बाकांवर मला अर्धा मुलूख भेटतो. खरगोन, बडवाणी, झाबुआ, धार; बुऱ्हाणपूरकडची माणसं, रावेर-यावलकडचे केळीवालेसुद्धा. चांदीची जाड कडी घातलेल्या भिलाल्या बाया जमिनीवर निवांत बसलेल्या. नंबर यायला वेळ लागतो आणि कुणीतरी कागदाचा पुडा उघडतं. सेव-परमल, म्हणजे शेव आणि मुरमुरे, वर कांदा. पुडा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. ज्यांची जात, भाषा, गाव ठाऊक नाही त्यांच्या मुठी एकाच पुड्यात जातात. फुंकर मारून श्वास मोजायची तपासणी माझ्या फार जिवावर येते. नळीत तोंड घालून पूर्ण श्वास सोडायचा, अजून, अजून, अजून. एकदा ती आटपून मी बाहेर आले आणि बाकावर डोळे मिटून बसले, तर रावेरच्या एका काकांनी परमलचा शेवटचा घास माझ्यासाठी ठेवला होता. "घ्या बहीण," म्हणाले, "तुमची मूठ राहिली व्हती."

थंडीत बरं असलं की सिरपूर. शहराच्या पश्चिमेला होळकरांच्या काळातलं हे तळं. अतिक्रमणात ते जायचंच होतं; भालू मोंढे या इंदूरच्या छायाचित्रकारानं आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून वाचवलं, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बांध सपाट आहे. पाखरं बघायला येणारे लोक हळूच चालतात, मध्येच थांबतात, बोलत नाहीत. म्हणजे माझ्याच चालीनं सगळे चालतात. इतर ठिकाणी लोक मला ओलांडून पुढं जातात. इथं मी सगळ्यांच्या बरोबर असते. चक्रवाकांची जोडी पाण्यावर असते, नारिंगी, राजस.

सगळेच दिवस असे नसतात. दिवाळीच्या रात्री खिडक्या बंद करून बसावं लागतं. एप्रिलमध्ये गहू निघाला की आसपासच्या शेतांत नरवाई, म्हणजे गव्हाची खुंटं, जाळतात आणि संध्याकाळी तो धूर शहरावर उतरतो. तेव्हा काकू माझं दळण, भाजी सगळं आणून देतात आणि मी पलंगावर पडून असते. पडून राहणाऱ्या माणसाचे कान मोठे होतात. भंगारवाल्याची लकेर, वरच्या मजल्यावरचा वरवंटा, समोरच्या बांधकामावरच्या बाया डोक्यावर घमेलं घेऊन म्हणतात त्या गाण्याची चाल. असंच ऐकता ऐकता एका दुपारी मला कुमार गंधर्वांची आठवण झाली, आणि देवासला जायचं ठरलं.

देवास इंदूरपासून जवळच, उत्तर-पूर्वेला. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा गवई १९४८ च्या जानेवारीत इथं आला तो क्षयरोगी म्हणून. वय पुरतं चोवीसही नव्हतं. लहानपणापासून मैफिली गाजवलेल्या त्या तरुणाला डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं आणि कोरड्या हवेच्या माळव्यात पाठवलं. पुढची काही वर्षं अंथरूण. पत्नी भानुमतीबाई शाळेत नोकरी करून घर चालवत आणि शुश्रूषा करत. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. त्या वर्षांत गाता येत नव्हतं तेव्हा ते ऐकत राहिले: रस्त्यानं जाणाऱ्या बायांची, लग्नातली, पावसातली माळवी गाणी. बरे झाल्यावर त्यांनी त्या धुना गोळा केल्या, नोंदवल्या, त्यांतून नवे राग बांधले. 'अनूपरागविलास'चा पहिला भाग १९६५ चा. इंदूरहून त्यांच्याकडे येणारी मंडळीही मराठीच: 'नईदुनिया'चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचालकर गुरुजी, नाटकवाले बाबा डिके. बरं झाल्यावर मुंबई-पुण्याला परत जाता आलं असतं, तरी कुमारजी १९९२ मध्ये जाईपर्यंत देवासलाच राहिले.

आजारातून मोठं गाणं निघालं म्हणून आजार चांगला, असं मी म्हणणार नाही. ज्याला श्वास पुरत नाही त्याला हे बोलणं फार कठोर वाटतं. कितीतरी माणसं त्याच रोगानं, त्याच वर्षांत, औषधाच्या आधी गेली. मला कुमारजींची दुसरी गोष्ट जवळची वाटते. परक्या मुलखात आजारी पडलेला माणूस त्या मुलखाला फक्त हवापालटाची जागा समजू शकतो. हवा घ्यावी आणि निघून जावं. कुमारजींनी माळव्याची हवा घेतली आणि माळव्याचं म्हणणंही ऐकून घेतलं. देवासच्या टेकडीच्या पायथ्याजवळ त्यांचं घर आहे, भानुकुल. मी फाटकाबाहेरून बघितलं, आत गेले नाही. झाडी दाट आहे आणि आत पाखरं फार बोलतात.

टेकडीवर दोन देव्या: मोठी माता तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. पवारांच्या या गावात तुळजापूरची आई वर बसलेली आणि मी खाली, पायऱ्या बघत. माझ्याजवळ खण-नारळ होता. फुलांच्या दुकानातल्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मग पायऱ्यांकडे बघितलं आणि आपल्या थोरल्या पोरीला हाक मारली. पोरगी नववी-दहावीतली. ओटी घेऊन ती धावतच वर गेली. तेवढ्यात तिच्या आईनं माझी सगळी चौकशी केली: कुठली, मुलं किती, दमा आहे का, औषध कुणाचं. मीही सगळं सांगितलं, अगदी सातारी पद्धतीनं. पोरगी कपाळाला कुंकू लावून, प्रसाद घेऊन खाली आली. पैसे देऊ लागले तर आई म्हणाली, देवीच्या कामाचे नाही घेत, फुलांचे तेवढे द्या.

आता फाल्गुन लागला आहे. आमच्या साताऱ्यात रंग होळीला किंवा धुळवडीला नाही, रंगपंचमीलाच खेळतात, आणि होळकरांच्या या जुन्या राजधानीतही रंगपंचमीचा थाट मोठा. त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते. टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, यंत्रांनी गुलाल मजल्यांच्या वर फेकला जातो, लाखो माणसं त्या ढगाखालून चालतात. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. काकूंच्या भाच्याचं घर त्या रस्त्यावर आहे, चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट आहे. काकूंनी त्याला फोन करून खिडकीच्या फटींना ओली फडकी लावायला सांगितलं आहे. काचेआडून का होईना, पण गेर बघायची. माझ्यासाठी पांढरी साडी त्यांनीच काढून ठेवली आहे, आणि घरी परतल्यावर कोरड्या गुलालाचं एक बोट गालाला लागणारच, असं त्या म्हणतात.